लाल दिव्याची साक्ष

गाडीची चावी फिरवली की डॅशबोर्डवर दिव्यांची रांग उजळते आणि काही सेकंदांत एकेक करून विझते. त्यातला एक, एअरबॅगचा दिवा, बसलेला माणूस आणि त्याच्या छातीसमोरचा गोल फुगा दाखवतो. तो विझला नाही, तर बहुतेक मालक पहिले काही दिवस अस्वस्थ असतात, मग त्याची सवय होते. गाडी चालते आहे, ब्रेक लागतो आहे, एसी थंड करतो आहे, ॲव्हरेजही पडलेले नाही. पुढे कधीतरी गाडी दुसऱ्याच कामासाठी गॅरेजमध्ये जाते, तेव्हा जाता जाता विचारले जाते, ‘हा लाइट घालवता येईल का?’ आणि ठरलेले उत्तर मिळते, ‘घालवून देतो.’ माझा वाद या सवाल-जवाबाशी आहे. दिवा घालवणे आणि बिघाड काढणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि आपल्या बाजारात पहिले काम दुसऱ्याच्या नावाने विकले जाते. भारतात चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली १ जुलै २०१९ पासून. शेजारच्या सीटसाठी ती सक्ती नव्या मॉडेलना एप्रिल २०२१ पासून आणि आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेलना त्या वर्षाच्या अखेरीपासून लागू झाली. म्हणजे सक्तीच्या काळातल्या पहिल्या गाड्या आता जुन्या बाजारात येण्याच्या वयाच्या झाल्या आहेत. हा प्रश्न यापुढे थोड्या महागड्या गाड्यांपुरता राहणार नाही.

दिवा काय सांगतो हे समजायचे तर आधी तो कोणाच्या वतीने बोलतो ते पाहावे लागते. एअरबॅगचा कारभार एका बंद डब्यातून चालतो. हे कंट्रोल युनिट बहुतेक गाड्यांत दोन सीटच्या मध्ये, कन्सोलखाली, मजल्याला पक्के बोल्ट केलेले असते. धडक बसली की गाडीचा वेग किती झपाट्याने उतरतो आहे याचा हिशेब ते काही सहस्रांश सेकंदांत करते आणि फुग्यामागच्या इनफ्लेटरला वीज सोडते. तिथली बारीक तार तापते, रसायन पेटते, वायू तयार होतो आणि साधारण ३० मिलिसेकंदांत फुगा भरतो. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. अडचण अशी, की हे यंत्र आयुष्यात एकदाच वापरायचे असते. चालवून पाहिले की संपले. ब्रेक दाबून बघता येतो, हॉर्न वाजवून बघता येतो, एअरबॅग उडवून बघता येत नाही. म्हणून तिची परीक्षा घेण्याचा एकच मार्ग उरतो, तो विजेचा. कंट्रोल युनिट प्रत्येक फुग्याच्या तारेतून अगदी क्षीण, काही मिलिअँपिअरचा प्रवाह सोडत राहते आणि विरोध मोजते. तो साधारण दोन ओहमच्या आसपास हवा. पेटवायला लागणारा प्रवाह अँपिअरच्या वर असतो, त्यामुळे या मोजणीने काही पेटत नाही. पण विरोध वाढला, घटला, तार तुटली किंवा बॉडीला टेकली, की युनिट आपल्या स्मृतीत एक कोड लिहिते, दिवा लावते आणि अनेक गाड्यांत ती शाखा, काही गाड्यांत सगळी व्यवस्थाच, कामावरून उतरवते. मालकाला वाटते दिवा ‘काहीतरी बिघडेल’ असा इशारा देतो आहे. तो सांगत असतो की अपघात आत्ता झाला तर माझ्यावर विसंबू नका.

या सगळ्या वायरिंगमधला सर्वांत नाजूक टप्पा स्टिअरिंगच्या कॉलमवर आहे, आणि तो नाजूक असण्याला कारण आहे. चालकाची एअरबॅग फिरणाऱ्या चाकात बसते, तिची वीज न फिरणाऱ्या कॉलममधून येते. पूर्वी चाकावर फक्त हॉर्न होता. त्यासाठी पितळी कडे आणि त्यावर घासणारा संपर्क पुरेसा होता. हॉर्नचा संपर्क क्षणभर तुटला तर आवाज थोडा फाटतो, इतकेच. पण जिथे दोन ओहमचा हिशेब आहे आणि आज्ञा पोचवायला काही मिलिसेकंद आहेत, तिथे घासणारा, मळणारा, उडणारा संपर्क चालत नाही. म्हणून मध्ये आली क्लॉक स्प्रिंग, जिला काही कंपन्या स्पायरल केबल म्हणतात. शिंप्याची मोजपट्टी डबीत गुंडाळलेली असावी तशी एक चपटी रिबन-केबल प्लास्टिकच्या गोल खोक्यात गुंडाळलेली असते. चाक एका बाजूला फिरले की ती आवळते, दुसऱ्या बाजूला फिरले की सैल होते, आणि जोडणी कुठेही तुटत नाही. निदान तुटू नये. गल्लीबोळांतून, पार्किंगमधून, घाटाच्या वळणांवरून चाक दिवसाकाठी शेकडो वेळा फिरते आणि तेवढ्या वेळा ती रिबन वाकते. आता त्याच रिबनमधून हॉर्न, म्युझिकची बटणे, फोनची बटणे, क्रूझ कंट्रोल असे सगळे जाते. अनेक गाड्यांत चाक किती फिरले हे मोजणारा सेन्सरही तिथेच बसवलेला असतो. त्याच कॉलमवर इंडिकेटर-वायपरचा कॉम्बिनेशन स्विच, चावीचे कुलूप, इमोबिलायझरची अँटेना आणि छोट्या गाड्यांत पॉवर स्टिअरिंगची मोटर. गाडीत विजेची एवढी दाटी क्वचितच दुसरीकडे असेल.

हा बिघाड काल्पनिक नाही, आणि तो रस्त्याकडेच्या गॅरेजवाल्याच्या हयगयीनेच होतो असेही नाही. एप्रिल २०१४ मध्ये टोयोटाने जगभरातून सुमारे ६४ लाख गाड्या परत बोलावल्या. कारणे पाच होती, आणि त्यातले मोठे कारण ही स्पायरल केबलच. चाक फिरताना तिच्या आतल्या जोडण्यांना इजा होऊ शकते, तसे झाले तर एअरबॅगचा दिवा लागेल आणि चालकाची एअरबॅग निकामी होऊ शकेल, असे कंपनीनेच जाहीर केले होते. भारतात त्या फेरीत २००५ ते २००८ मधल्या जवळपास ४५ हजार इनोव्हा होत्या. महाराष्ट्रात लग्नाच्या वऱ्हाडापासून आमदाराच्या ताफ्यापर्यंत आणि विमानतळाच्या टॅक्सीपर्यंत तेव्हा हीच गाडी धावत होती, हे सांगायला आकडे लागत नाहीत. पुढे २०१६ मध्ये अमेरिकेत जीप रँग्लरच्या २००७ ते २०१० मधल्या गाड्या याच भागासाठी परत बोलावल्या गेल्या. तिथे गुन्हेगार होती धूळ. आपल्या रस्त्यांना त्यावर वेगळे भाष्य नको.

आता तपासाकडे येऊ, कारण माझ्या म्हणण्याचा खरा पुरावा तिथे आहे. ‘लाइट घालवून देतो’ म्हणणारा माणूस कोड पुसतो, आणि बिघाड जागेवर असेल तर दिवा पुन्हा लागतो, कधी त्याच मिनिटाला, कधी पुढच्या डाव्या वळणावर. बिघाड शोधणारा माणूस आधी ऐकतो. दिव्याबरोबर हॉर्नही बंद आहे का, चाकावरची बटणे मेली आहेत का? तसे असेल तर संशय सरळ क्लॉक स्प्रिंगवर जातो. चाक पूर्ण वळवल्यावरच दिवा लागतो का? तर रिबन कुठेतरी चिरली आहे. नुकतेच स्टिअरिंग रॅकचे काम झाले आहे का? हा प्रश्न आपल्याकडे फार महत्त्वाचा, कारण खड्ड्यांच्या कृपेने रॅक आणि सस्पेन्शनची कामे इथे भरपूर होतात. रॅकचा सांधा सोडल्यावर चाक मोकळे फिरू दिले, तर क्लॉक स्प्रिंगचा मध्य हरवतो. मग गाडी बाहेर पडते, सरळ रस्त्यावर ठीक चालते, आणि पहिल्याच पूर्ण वळणात रिबन ताणून तुटते. काम करणाऱ्याने गाडी दिली तेव्हा दिवा नव्हता, त्यामुळे दोष त्याच्याकडे जातच नाही. दिवा सीट पुढे-मागे केल्यावर लुकलुकतो का? मग कॉलम सोडून सीटखालचा कपलर पाहायचा. तिथे साइड एअरबॅगच्या आणि काही गाड्यांत बेल्टच्या तारा असतात, आणि सीटखाली घरंगळलेली बाटली किंवा सफाईवाल्याचा पाइप त्यांना पुरेसा असतो. बॅटरी अलीकडे उतरली होती का? व्होल्टेज पडल्याचाही कोड लिहिला जातो. गाडीत पाणी शिरले होते का? २६ जुलै २००५ ची मुंबई, २०१९ चे सांगली-कोल्हापूर, जुलै २०२१ चे चिपळूण: मजल्यावर बोल्ट केलेल्या त्या डब्यापर्यंत पाणी पोचायला गाडी बुडावी लागत नाही, कार्पेट भिजले तरी कपलरमध्ये ओल जाते आणि हिरवा गंज काही महिन्यांनी बोलू लागतो.

एवढे झाल्यावरच हत्यारांची पाळी. बाजारात मिळणारा स्वस्त स्कॅनर बहुधा इंजिनाचे कोड वाचतो. एअरबॅगच्या डब्याशी बोलायला त्या कंपनीची भाषा जाणणारे यंत्र लागते. नंतर बॅटरी सोडायची आणि कंपनीने सांगितला असेल तेवढा वेळ थांबायचे, कारण धडकेत बॅटरी तुटली तरी फुगा उडावा म्हणून डब्यात राखीव वीज साठवलेली असते. पिवळे कपलर हा या व्यवस्थेचा बहुतेक सगळीकडे पाळला जाणारा रंग. ते सुटले की आतली पट्टी दोन्ही टोके जोडून टाकते, म्हणजे अंगातल्या स्थिर विजेने फुगा उडू नये. एअरबॅगला साधा मीटर लावून विरोध मोजायचा नाही, हा नियम जुने वायरमन सर्वांत सहज मोडतात. त्याऐवजी फुग्याच्या जागी दोन-अडीच ओहमचा नकली भार जोडतात. तो जोडल्यावर तक्रार थांबली तर दोष फुग्याच्या बाजूला. थांबली नाही तर तोच भार क्लॉक स्प्रिंगच्या खालच्या टोकाला जोडायचा आणि पुन्हा पाहायचे. दर पायरीला संशयाची जागा अर्धी होते. यात अंदाजाने भाग बदलणे नाही, आणि चांगला कारागीर महाग वाटला तरी स्वस्त पडतो तो यामुळेच.

आणि नेमके हेच नकली भाराचे हत्यार फसवणुकीचेही हत्यार आहे. तपासासाठी लावलेला रेझिस्टर तसाच राहू दिला, तर कंट्रोल युनिटला दोन ओहम दिसतात, ते समाधानी होते आणि दिवा विझतो. फुगा असो वा नसो. अपघातात एअरबॅग उडालेली गाडी नियमाप्रमाणे दुरुस्त करायची तर फुगे, क्लॉक स्प्रिंग, बेल्ट, डॅशबोर्ड आणि पुष्कळदा कंट्रोल युनिटही बदलावे लागते. छोट्या गाडीच्या उरलेल्या किमतीशी हा खर्च पटत नाही. मग रिकाम्या चाकावर नवे झाकण बसते, आत रेझिस्टर जातो आणि गाडी ‘सिंगल ओनर, नॉन-ॲक्सिडेंट’ म्हणून उभी राहते. हौसेने बसवलेल्या स्पोर्ट्स स्टिअरिंगमध्ये एअरबॅग नसतेच. तिथेही दिवा शांत ठेवायला हाच उपाय. याहून ढोबळ युक्ती म्हणजे दिवाच काढून टाकणे किंवा त्याची तार दुसऱ्या दिव्याला जोडणे, म्हणजे तो दुसरा विझला की हाही विझावा. म्हणून चावी फिरवल्यावर जो दिवा लागतच नाही, तो न विझणाऱ्या दिव्याइतकाच संशयास्पद आहे. लागणे आणि मग स्वतःच्या वेळेने विझणे, दोन्ही झाले पाहिजे.

यावर पहिला आक्षेप व्यवहारी माणसाचा असतो: दहातल्या निम्म्या वेळा तरी सैल कपलरच निघतो, मग एवढी भीती कशाला? पुष्कळदा कारण क्षुल्लक असते, हे मी नाकारत नाही. पण कारण क्षुल्लक असणे आणि परिणाम क्षुल्लक असणे यांत अंतर आहे. सैल कपलरमुळे न उघडलेली एअरबॅग ही तुटलेल्या एअरबॅगइतकीच बंद असते, आणि क्षुल्लक कारण लवकर, कमी पैशात निघते हे तर दुरुस्त करण्याच्या बाजूचे कारण झाले. कंपन्या याकडे कसे पाहतात याचा एक दाखला जानेवारी २०२३ चा आहे. मारुती सुझुकीने अल्टो के-१०, ब्रेझा, बलेनो यांसारख्या १७,३६२ गाड्या एअरबॅग कंट्रोलरच्या संशयावरून परत बोलावल्या आणि भाग बदलेपर्यंत गाडी चालवू नका असे मालकांना सांगितले. फक्त संशय होता. तरी सल्ला ‘सावकाश चालवा’ असा नव्हता.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. आपण अनेक दशके एअरबॅगशिवाय गाड्या चालवल्या. खरे रक्षण सीटबेल्ट करतो, एअरबॅग त्याची मदतनीस. हेही खरेच. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात सायरस मिस्त्री गेले, ती गाडी एअरबॅगनी सुसज्ज होती. मागच्या सीटवरच्या दोघांनी बेल्ट लावलेला नव्हता, हे तपासात पुढे आले. पण जे लोक ‘बेल्ट पुरे’ म्हणतात, त्यांच्या लक्षात एक गोष्ट येत नाही. धडकेच्या पहिल्या क्षणी बेल्ट अंगाला आवळून घेणारा प्रिटेन्शनर हाही तसाच पेटणारा भाग आहे, त्याच पिवळ्या कपलरवर, त्याच डब्याच्या आज्ञेत. लाल दिवा लागलेला असताना कदाचित तोही रजेवर असतो. बेल्टवर भिस्त ठेवणाऱ्यानेच दिव्याची जास्त काळजी करावी, असा याचा अर्थ होतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तो दिव्याच्या मर्यादेवर बोट ठेवतो. टकाटा या जपानी कंपनीच्या इनफ्लेटरमध्ये अमोनियम नायट्रेट होते. उष्ण, दमट हवेत वर्षानुवर्षे राहून ते बिघडले, फुगा उडताना धातूचे कवच फुटून तुकडे माणसांत घुसले, एकट्या अमेरिकेत दोन डझनांहून अधिक माणसे गेली आणि जगाच्या इतिहासातली सर्वांत मोठी गाड्यांची परत-मागणी झाली. त्या गाड्यांत दिवा लागला नव्हता. लागणारही नव्हता: तार शाबूत होती, विरोध दोन ओहमच होता, बिघाड रसायनात होता. मग अशा दिव्याचा उपयोग काय? उपयोग एवढाच, की त्याला जे कळते ते तो खरे सांगतो. वायरीपलीकडचे त्याला कळत नाही. ज्या साक्षीदाराने अर्धीच घटना पाहिली, त्याची साक्ष अर्धी म्हणून घ्यायची असते, फेकून द्यायची नसते. उरलेल्या अर्ध्यासाठी दुसरी वाट आहे: चेसिस नंबर टाकून आपली गाडी एखाद्या परत-मागणीत आहे का ते कंपनीच्या संकेतस्थळावर पाहणे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या ११०-अ कलमानुसार सदोष गाड्या परत बोलवायला लावण्याचा अधिकार सरकारकडेही आहे. पण बोलावले तरी गाडी नेणारा मालकच.

आता ज्या प्रकरणाने स्टिअरिंग कॉलमच्या विजेकडे जगाचे डोळे वळले, ते अमेरिकेतले जनरल मोटर्सचे. शेव्हर्ले कोबाल्ट, सॅटर्न आयॉन अशा लहान गाड्यांत कॉलमवरचा चावीचा स्विच ठरलेल्यापेक्षा सैल होता. चावीला जड जुडगा लटकत असला, गुडघा लागला किंवा रस्ता खडबडीत असला की चालत्या गाडीत चावी ‘रन’वरून ‘ॲक्सेसरी’वर घसरे. इंजिन बंद, पॉवर स्टिअरिंग बंद, आणि एअरबॅगच्या डब्याची वीजही बंद. गाडी वेगात, चालक चाकाशी झुंजतो आहे, आणि धडकेच्या क्षणी फुगा उघडत नाही. २००४-०५ मध्येच चालता चालता गाडी बंद पडल्याच्या तक्रारी कंपनीत पोचल्या होत्या. त्यांची वर्गवारी झाली ती ग्राहकाच्या सोयी-गैरसोयीची बाब म्हणून, सुरक्षेची नव्हे. विक्रेत्यांना सांगितले गेले, की चावीच्या जुडग्यातले ओझे कमी करायला सांगा. २००६ मध्ये आतला भाग गुपचूप सुधारला, पण त्याचा क्रमांक तोच ठेवला; त्यामुळे नंतरच्या तपासनीसांना नव्या आणि जुन्या गाड्यांतला फरक वर्षानुवर्षे उलगडेना. परत-मागणी सुरू झाली फेब्रुवारी २०१४ मध्ये, आणि गाड्या झाल्या सुमारे २६ लाख. भरपाई निधीने १२४ मृत्यू या दोषाशी जोडलेले मान्य केले. सप्टेंबर २०१५ मध्ये कंपनीने फौजदारी खटला टाळण्याच्या समझोत्यात ९० कोटी डॉलर भरले. कंपनीनेच नेमलेले वकील अँटन वालुकास यांच्या जून २०१४ च्या अहवालात मला सर्वांत बोलकी वाटणारी गोष्ट अशी, की स्विच घसरला तर एअरबॅग बंद होते हे गाडी बनवणाऱ्या कंपनीतल्या या प्रकरणाशी संबंधित लोकांच्याच ध्यानात येत नव्हते. इंजिन बंद पडणे एका खात्याचे, एअरबॅग न उघडणे दुसऱ्या खात्याचे. दोन्हींच्या मध्ये कॉलम होता, आणि त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते.

गैरसोय म्हणून नोंदवलेला बिघाड कसा मारतो, हे या प्रकरणाइतके स्पष्ट कुठे दिसत नाही. आणि ‘हा लाइट घालवता येईल का’ हा प्रश्न तीच वर्गवारी आपल्या अंगणात करतो. यात सगळा दोष मालकावर किंवा गॅरेजवाल्यावर टाकणे मात्र अन्यायाचे होईल. खासगी गाडी नोंदल्यापासून १५ वर्षे तिला फिटनेसची तपासणी नाही; पीयूसी केंद्र धूर मोजते, डॅशबोर्ड पाहत नाही. ब्रिटनमध्ये वार्षिक एमओटी तपासणीत एअरबॅगचा दिवा बिघाड दाखवत असेल तर गाडी नापास होते. तिथल्या मालकाला दिव्याचे महत्त्व पटवून द्यावे लागत नाही. छोट्या गॅरेजची बाजूही ऐकली पाहिजे: कंपनीचे स्कॅनर महाग, सर्व्हिस मॅन्युअल बंद कपाटात, आणि एअरबॅगचे काम शिकवणारे अभ्यासक्रम मोजके. ज्याला खरे काम करायचे आहे त्याच्या हातात माहिती नाही, आणि रेझिस्टर लावायला माहिती लागत नाही, अशी ही उलटी रचना आहे. ती बदलायला फार मोठा कायदा लागणार नाही. पीयूसीच्या वेळी चावी फिरवून दिवा लागला-विझला एवढी एक नोंद, जुनी गाडी हस्तांतरित करताना विक्रेत्याने एअरबॅगच्या स्थितीबद्दल दिलेले लेखी निवेदन, अपघातात फुगे उडाल्याची विमा कंपनीकडे असलेली नोंद खरेदीदाराला पाहता येणे, आणि दुरुस्तीची माहिती रास्त दरात सगळ्या गॅरेजना खुली. कंपन्या म्हणतील, अर्धवट कारागिरांच्या हाती ही माहिती गेली तर धोका वाढेल. पण ते कारागीर आजही त्या पिवळ्या वायरींना हात लावतातच, फक्त माहितीशिवाय.

हे होईपर्यंत मालकाने स्वतःपुरते एवढे करावे. जुनी गाडी घेताना स्टार्ट करायच्या आधी चावी फिरवून थांबा आणि तो दिवा लागतो का, मग विझतो का ते पाहा. चाक दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवा, हॉर्न आणि चाकावरची बटणे दाबा. आणि दिवा आधीच लागलेला असेल, तर गॅरेजवाल्याला तो घालवायला सांगू नका. त्यामागचा कोड कोणता आहे, तो कागदावर लिहून मागा.